टोपी कितीची देऊ?

टोपीला कात्री लागत नाही, त्यामुळे पोराच्या हाती द्यायला टोपीच बरी, असे मामाचे मत होते. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत सिन्नरच्या त्याच्या कापडदुकानातले टोप्यांचे कपाट माझ्याकडे येई. धोतरजोडी, लुगडी, लग्नाचा बस्ता ही खरी उलाढाल. ती गादीवर, तक्क्याला टेकून, चहा पाजून चाले. टोपीच्या गिऱ्हाइकाला चहा नसे. वेळ मात्र तोच जास्त घेई.

टोपीचा नंबर म्हणजे डोक्याचा घेर, इंचात. २१, साडेएकवीस, २२ असे कप्पे चढत जात. २३च्या पुढचे डोके आले की मामा स्वतः गादीवरून उठे. आपला नंबर प्रत्येकाला पाठ असायचा, पण तो लग्नाच्या वेळी मोजलेला. ‘बाबा, सुती आहे, पहिल्या धुण्यात आटंल, अर्धा इंच मोठी घ्या,’ असे मी शिकवल्याप्रमाणे म्हणे. त्यावर, ‘आटंल तवा आटंल, आज नाकावर येती त्याचं काय?’ याला उत्तर नव्हते. मग बाबा धोतर सावरून खाली बसत आणि टोपी गुडघ्यावर चढवून ताणत. काही माणसांची अक्कल कुठे असते हे मराठीने सांगून ठेवलेच आहे. टोपीचे माप तिथे घेण्यात मला गैर वाटत नसे. गुडघ्यावरून टोपी डोक्यावर, डोक्यावरून आरशापुढे, आरशापुढून बायकोपुढे. ती तिकडे पाहतही नसे. ‘घ्या की कंची बी,’ म्हणायची आणि पुन्हा लुगड्याच्या काठात शिरायची.

डुबेऱ्याचे एक गिऱ्हाईक भाव करताना थोरल्या बाजीरावांना मध्ये आणी. बाजीरावांचा जन्म १७०० साली डुबेऱ्याचाच, आजोळी, बर्व्यांच्या वाड्यात. ‘पेशव्याच्या गावचा माणूस हाय मी, शेठ!’ मामा शांतपणे सांगे, ‘पेशवे पगडी घालायचे. पगडी आपण ठेवत नाही.’

आपण ठेवायचो ती गांधी टोपी. तिचा नमुना गांधीजींनी कसा ठरवला, ते त्यांचे सहकारी काका कालेलकर यांनी लिहून ठेवले आहे. प्रांतोप्रांतीची शिरोभूषणे पारखून त्यांना काश्मिरी टोपी पसंत पडली. तिची घडी होते, खिशात मावते. रंग पांढरा, म्हणजे मळ दिसतो आणि माणूस ती धुतो. मळ दिसण्यापर्यंतचा भाग आमच्याकडे तंतोतंत पाळला जाई. १९२१मध्ये गांधीजींनी स्वतः टोपी सोडली, पण सिन्नर तालुक्याला कोणी तसे कळवले नाही. शिवाय गांधीजींच्या टोपीखाली नुसते डोके असे. आमच्या गिऱ्हाइकाच्या टोपीखाली एस.टी.चे तिकीट, दहाची नोट आणि विड्यांच्या गावाला शोभेशी एक अर्धी विडी असे. नवी टोपी घालून बघताना हा सगळा संसार माझ्या पुढ्यात उतरवला जाई, आणि पसंती होईपर्यंत त्यावर माझी नजर आहे की नाही, यावर बाबांची नजर असे.

दहाव्याची टोपी वेगळी. दुखवट्याला आलेले सोयरे आधी नंबर विचारून ठेवत, आणि तो हमखास मोठा निघे, कारण विचारला तेव्हा डोक्यावर केस होते.

पण धंदा चालायचा तो आहेराच्या टोपीवर. लग्नात टॉवेल-टोपीचा मान. त्यासाठी येणारा माणूस गुडघा पुढे करत नसे, आरसा मागत नसे. ‘हलक्यातल्या द्या, डझनानं.’ नंबर? ‘कंचा बी.’ स्वतःच्या डोक्याला अर्धा इंच इकडेतिकडे न चालणारा हाच माणूस शंभर पाहुण्यांची डोकी एका मापाची धरी! या टोप्या खळीने कडक, कापड जाळीसारखे, नंबर सरसकट २०. त्या घालण्यासाठी नसतातच. लाउडस्पीकरवर नाव पुकारले की क्षणभर डोक्यावर टेकवायच्या आणि घरी नेऊन पुढच्या लग्नाच्या गाठोड्यात टाकायच्या. तिथीची धामधूम सरली की एखादा यजमान उरलेल्या टोप्या घेऊन हळूच येई. मामा त्या पडत्या भावात घेई. आतला शिक्का पाहून आपलीच टोपी कुठे कुठे जाऊन आली याचा अंदाज बांधणे हा आमचा दुपारचा विरंगुळा होता.

एकदा नांदूर शिंगोट्याकडच्या लग्नात मामाचेच नाव पुकारले गेले. कोणीतरी मानाने त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली. मामाचे डोके साडेतेवीस. टोपी टाळूवर उभीच राहिली. त्याने दोन्ही हात जोडले, मान जराही न हलवता खुर्चीवर येऊन बसला, टोपी उतरवली आणि आतला शिक्का बघितला.

‘आपलीच आहे,’ माझ्या हातात देत तो पुटपुटला, ‘खळ अजून शाबूत आहे. उद्या दुकानात घेऊन ये.’

मंगळवारी ती गेलीसुद्धा. घेणाऱ्याने नंबर विचारला नाही.