सैल दोरीचे धडे

यंदा गणपतीला मुलगा ठाण्याहून आला तो लॅब्रॅडोर घेऊन. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं, मुलगा सावर्ड्याच्या स्टेशनात गाडीत बसला, कुत्रा मात्र आमच्याकडे राहिला. ठाण्याच्या फ्लॅटात म्हणे त्याला ‘स्पेस’ मिळत नाही. नाव ब्रूनो. वाडीने दुसऱ्याच दिवशी त्याचा बरण्या केला.

सोबत एक पट्टा, दोन हात दोरी आणि मोबाईलवर हुकूम: बाबा, ह्याला शिस्तीत चालायला शिकवा, ओढू देऊ नका.

आमच्याकडे कुत्र्याला दोरी लावून ‘फिरवत’ नाहीत. वाडीतला कुत्रा आपल्या कामाने हिंडतो. तुमच्यामागून वहाळापर्यंत येतो, तिथे पलीकडच्या वाडीतल्या कुत्र्यांच्या ताब्यात तुम्हाला देतो आणि मागे फिरतो. बांधतात ते बिबट्या दिसल्याची बोलवा उठली की, तेही रात्रीपुरतं. त्यामुळे पहिल्याच सकाळी नाक्यावर दोघांनी मला अडवलं. ‘‘काय केलान ओ ह्यानं? चावलान की काय कोणाला?’’ तिसऱ्याने दत्तगुरूंचा फोटो आठवून बघायला सांगितला. पायाशी चार कुत्री, एकाच्याही गळ्यात दोरी नाही. यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

शास्त्र तसं सोपं आहे. कुत्र्याची चाल आपल्यापेक्षा जलद, म्हणून तो ओढतो. ओढला की आपण फरफटत मागून जातो, म्हणून तो शिकतो की ओढलं की पुढे जाता येतं. तेव्हा त्याने ओढलं की आपण खांबासारखं थांबायचं. दोरी सैल पडली की चालायचं. गुडघ्याशी नीट चालत असतानाच खाऊ द्यायचा, तोही तत्क्षणी. उशीर झाला तर मधे हुंगलेल्या शेणाचं बक्षीस मिळालं असं तो समजतो. आणि खाऊ आधी दाखवायचा नाही. आधी दाखवला तर ती लाच.

पहिल्या दिवशी घरापासून नाक्यापर्यंत जायला चाळीस मिनिटं लागली. एरवी पाच लागतात. खाऊ म्हणून मी सदऱ्याच्या खिशात सुक्या बोंबलाचे तुकडे भरले होते. बरण्या गुडघ्याला चिकटून चालला खरा, पण मागे तीन मांजरं, वाडीतला टिप्या आणि कोणाची तरी एक पिसाट कोंबडी. पुढे फक्त ढोल नव्हता. गुरांच्या डॉक्टरांनी दटावलं, ‘‘खारवलेलं देऊ नका त्याला.’’ मग उकडलेल्या कोंबडीवर आलो. सदऱ्याचा वास मात्र तीन धुण्यांत गेला नाही.

अशा थांबण्यात माणसाला विचार करायला वेळ मिळतो. नाक्यावर आम्ही थांबायचो ते मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला. त्याचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं. खांबासारखा उभा असताना एका सकाळी माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की हाही कोणीतरी शिकवायला घेतलेला आहे! जनतेने ओढलं, मोर्चा काढला, की थांबायचं, हा धडा त्याला तोंडपाठ आहे. दोरी सैल सोडली की चालायचं, तो धडा तेवढा राहून गेला. ‘बस’ ही आज्ञा तर त्याने कोणी न देताच पाळली: ऑक्टोबर 2023 मध्ये चिपळुणात बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल बसला.

चूक शिकवणाऱ्याची, असं माझं मत आहे. काम रखडलं की मुदतवाढ द्यायची, म्हणजे ओढणाऱ्या कुत्र्यामागून धावायचं. तो काय शिकणार? रखडलं की मुदत मिळते. ‘गणपतीआधी खड्डे भरू’ हे बिस्कीट तर दरवर्षी आधीच दाखवलं जातं, आणि दाखवतात कोणाला? रस्त्याला नव्हे, आपल्याला! आपण लगेच गुडघ्याशी येऊन शेपूट हलवतो. (मते मागायला येतात त्यांच्या गळ्यातल्या उपरण्यांवर मी बोलणार नाही. बरण्या पट्टा तरी बदलत नाही.)

बरण्या मात्र तीन महिन्यांत शिकला. एसटीचा भोंगा, मासेवालीची पाटी, टिप्याची शिवी, कशालाही ओढ देत नाही. खरी परीक्षा शिमग्याची. होल्टे होमात गावकरी जळती लाकडं एकमेकांवर भिरकावतात तेव्हा कोणाची दोरी कोण धरणार, ते पाहू.

काल सकाळी आम्ही दोघं महामार्ग ओलांडायला उभे होतो. तो माझ्या गुडघ्याशी बसला, आपणहून. एक ट्रक गेला, त्याच्यामागे डंपर, मग उलट्या बाजूने दोन मोटारसायकली. दहा मिनिटं झाली. बरण्याने माझ्याकडे पाहिलं, खिशाकडे पाहिलं, पुन्हा रस्त्याकडे पाहिलं. दोरी केव्हाची सैल होती. नियमाप्रमाणे आम्ही चालायला हवं होतं.