तटाबाहेरची फौज

जर्मनीतल्या टाउबरकाठच्या रोटेनबुर्गच्या तटाबाहेर मोटरहोमांचा तळ पडतो. १६३१ मध्ये इथे सेनापती टिलीचं सैन्य आलं होतं. आताच्या फौजेकडे फ्रिज, शॉवर आणि घडीच्या खुर्च्याही असतात. टिलीची अट पुरी करून गाव वाचवायला माजी नगराध्यक्ष नुश यांनी म्हणे सव्वातीन लिटर वाइन एका दमात रिचवली. (आख्यायिकाच ती, यकृताची साक्ष काढू नये.) मोटरहोमवाली फौज पार्किंगचे पैसे भरून आत शिरते, बारमाही नाताळाच्या दुकानातून भर जुलैत चांदण्या घेते आणि ‘मध्ययुग जसंच्या तसं!’ म्हणून फोटो टाकते. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात पडलेला तट देणग्यांतून पुन्हा बांधलाय. दगडांवर दात्यांची नावं आहेत, अगदी जपानीसुद्धा. पण वाचत कोण बसतो? संडासाची टाकी रिकामी करायचीय.