पक्क्या महालातला पंक

पंक ऐकणाऱ्या माणसाने काशीत राहावं, तेही ब्रह्माघाटाच्या मराठी वस्तीत, पणजोबांच्या वाड्यात, आणि मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागल्यावर ‘आता लाइव्ह म्युझिकचं कसं व्हायचं’ या काळजीने त्याला वरणभात गोड लागू नये, हे आमच्या घरात कोणालाच झेपलं नाही. बायकोने ताट उचलता उचलता विचारलं, “अहो, पण तुम्ही असल्या कार्यक्रमाला गेला होतात कधी?”

तसा नव्हतो गेलो. न्यूयॉर्कच्या ज्या सीबीजीबी क्लबात या मंडळींनी आरडाओरड सुरू केली, तो 2006 मध्येच बंद पडला. रमोन्स हे माझं कुलदैवत, तर त्यातले मूळचे चौघेही 2014 पर्यंत एकामागून एक देवाघरी गेले. आणि बनारसात पंकचा कार्यक्रम म्हणाल, तर दशाश्वमेधच्या चौकात दोन रिक्षावाले एकमेकांना भिडतात तेवढाच. माझा लॉकडाऊन जरा जुनाच होता.

खरं नुकसान गावाचं झालं होतं. 1923 पासून चालत आलेला संकटमोचनचा संगीत समारोह, हनुमान जयंतीच्या सुमाराला देवळाच्या अंगणात रात्र रात्र चालणारा, तिकीट नाही की काही नाही, त्या एप्रिलमध्ये फोनच्या पडद्यावर आला. पंडित जसराज न्यू जर्सीत अडकलेले, तिथून हनुमानजींसाठी गाणार होते. घरात धड चालणारा फोन एकच, माझा. आईने तो देवघरासमोर साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, उदबत्ती लावली, सगळे हात जोडून बसले, आणि स्वर लागतो न लागतो तोच लंडनच्या मावसभावाचा फोन आला. माझी रिंगटोन रमोन्सची आहे. आई डोळे न उघडता म्हणाली, “बंद कर ते, मारुती घाबरेल.” त्याच ऑगस्टमध्ये पंडितजी गेले. ते शेवटचं गाणं अर्धवट ऐकल्याचा हिशेब आई आजही माझ्याच नावावर मांडते.

मग उरल्या माझ्या रेकॉर्डी. काही मुंबईच्या चोर बाजारातल्या, काही त्याच मावसभावाने सामानात लोणच्याच्या बदल्यात आणलेल्या. रमोन्सची पहिली एलपी 1976 ची, चौदा गाणी आणि सगळा मामला अर्ध्या तासाच्या आत आटोपलेला; एवढ्या वेळात आमच्याकडचे बुवा तंबोरे जुळवून चहा मागवतात. ती लावली आणि प्लेअरचा बेल्ट तुटला. दुकानं बंद, कुरिअर बंद. तेव्हा बायकोच्या परकराचं इलास्टिक (परकर जुना होता, असं मी समजत होतो) मापाने कापून, टाचून, मोटरच्या पुलीवर चढवलं. ते घसरायचं, त्यामुळे तबकडी निम्म्याच वेगाने फिरायची, आणि जॉई रमोनचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा जड, लांबलचक, मध्येच गमक घेत वर यायचा. खालच्या मजल्यावरच्या तबलजी चाचांनी अंगणातून हाक दिली, “का गुरु, ई कउन राग हौ?”

जिना उतरून त्यांना न्यूयॉर्कचं क्वीन्स, चामड्याची जाकिटं, तीन कॉर्ड्‌सवर उभं राहिलेलं बंड, सगळं समजावून सांगितलं. ते शांतपणे पान लावत राहिले. शेवटी म्हणाले, “ठीक हौ, बाकी विलंबित में बेताला हौ.”

मे महिन्यात मी रेकॉर्डी धुवायला काढल्या. धूळ होतीच, शिवाय माणसाला घरात काहीतरी काम लागतं. भांड्यांच्या साबणाने धुतल्या आणि गच्चीत आईच्या कुरडयांशेजारी, त्याच चादरीवर ओळीने वाळत घातल्या. प्लास्टिक उन्हात वाकतं हे मला ठाऊक होतं, पण ते ज्ञान पुस्तकी होतं; बनारसचं ऊन ते फार लवकर व्यवहारात आणतं. आईने माझ्या हातात काठी दिली आणि माकडांवर लक्ष ठेवायला बसवलं. मी जिन्याच्या सावलीत बसलो, काठी मांडीवर, कानाला हेडफोन.

डोळे उघडले तेव्हा कुरडया जिथल्या तिथे होत्या. कठड्यावर एक दांडगा वानर माझी ‘लंडन कॉलिंग’ घेऊन बसला होता. द क्लॅशचा हा 1979 चा दोन तबकड्यांचा अल्बम ज्यांनी पाहिला असेल, त्यांना मुखपृष्ठ आठवेल: पॉल सिमोनन वाकून, दोन्ही हातांनी बास गिटार स्टेजवर आपटतोय. वानराने आधी काठ चावून पाहिला, पापड नाही अशी खात्री करून घेतली, मग वाकला, दोन्ही हातांनी तबकडी डोक्यावर नेली आणि दगडावर हाणली. पुन्हा हाणली. शेजारच्या गच्च्यांवरून त्याची बिरादरी ओरडत होती, पत्रे वाजत होते, काळे तुकडे उडून कुरडयांत पडत होते, आणि मी काठी टाकून, तोंड उघडं टाकून बघत उभा होतो. आयुष्यातला पहिला लाइव्ह शो, तोही पहिल्या रांगेतून.

खालून चाचांचा आवाज आला, “वाह गुरु! आज लय में हौ!”