पाठीवरचा डबा

महाराष्ट्रातील सुशिक्षित मध्यमवर्गात जोखीम आणि संकट हे शब्द समानार्थी मानले जातात आणि हा समज लहानपणीच पक्का व्हावा म्हणून ‘पडशील’, ‘लागेल’ व ‘लोक काय म्हणतील’ ही त्रिसूत्री अपत्याच्या कानी अहोरात्र घातली जाते. वास्तविक संकट न सांगता अंगावर येते, तर जोखीम मोजूनमापून अंगावर घ्यायची असते. म्हणजे काय गमवावे लागेल, ते सोसवेल काय आणि माघारीची वाट कोणती, याचा हिशेब तीत आधीच झालेला असतो.

हा हिशेब पूर्वी गावोगावच्या विहिरींवर शिकवला जाई. पोराच्या पाठीला वाळलेला भोपळा किंवा तोंड घट्ट बंद केलेला पत्र्याचा डबा बांधायचा, पोहणाऱ्या काकाने आधी पाण्यात उतरून उभे पाणी तुडवत थांबायचे, मग पोराला पायरीवरून ढकलायचे आणि आठ-दहा दिवसांनी तो डबा सोडायचा, असा तो अभ्यासक्रम असे; डबा कधी सुटणार हे पोराला कळवले जात नसे, एवढीच त्यातील प्रशासकीय त्रुटी. शहरात ही विद्या गोविंदा पथकांनी सांभाळली. त्यांचा सराव गुरुपौर्णिमेपासून सुरू होतो आणि त्यात थर लावण्याइतकेच ते शाबूत उतरवणेही घटवून घेतले जाते. बक्षिसाचे आकडे लाखांत गेल्यावर हे गणित बिघडले, उंची व वय यांचा वाद न्यायालयात गेला आणि २०२२ मध्ये शासनाने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला, त्यामुळे आता पडणाऱ्यालाही खेळाडू म्हणण्याची सोय झाली आहे.

हे थर गॅलरीतून पाहताना आपल्या मुलाला कठड्यापासून मागे ओढणारा पालक पुढे त्याच मुलाला, मोठ्या समाधानाने, सदाशिव पेठेतील अभ्यासिकेत बसवतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले आणि शिफारस झाली १०१६ जणांची, म्हणजे ढोबळ मानाने हजार अर्जांमागे एकाची. ज्या पालकाला झाडाच्या दुसऱ्या फांदीवर मृत्यू दिसतो, त्याला या प्रमाणात मात्र स्थैर्य दिसते. या व्यवहाराला घरात जोखीम म्हणत नाहीत, ‘सेटल होणे’ म्हणतात. खुल्या प्रवर्गाला सहा प्रयत्न आणि वयाची ३२ वर्षे एवढी मुभा असते, व तेवढ्या अवधीत ‘नाहीच झाले तर?’ असे विचारणे हा अपशकुन समजला जातो.

पाठीला डबा बांधण्याची पद्धत या विहिरीवर नाही. खाणावळीचा डबा मात्र दोन्ही वेळा न चुकता येतो आणि त्याचे पैसे दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गावाहून जमा होतात.