आधी चिप बघा, मग क्रांती करा

विंडोजला सोडचिठ्ठी देऊन लिनक्सकडे निघालेले लोक वॉलपेपर आठवडाभर निवडतात. वायफायची चिप कुणाची, हे मात्र डिस्क पुसून झाल्यावर विचारतात. ब्रॉडकॉमची निघाली की बऱ्याचदा खेळ सुरू: ड्रायव्हर इंटरनेटवर आणि इंटरनेट ड्रायव्हरनंतर. तहसील कचेरीत दाखल्यासाठी दाखला मागतात, तसं. जुनी मॅकबुकं या बाबतीत विशेष मानी.

डेबियन या लिनक्सच्या जुन्या घराण्याने तर अशा चिपांना लागणारं, पण मुक्त नसलेलं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) कैक वर्षं अधिकृत इन्स्टॉलरला शिवू दिलं नाही. हे सोवळं २०२२च्या मतदानात सुटलं आणि २०२३च्या डेबियन १२मध्ये फर्मवेअर आत आलं. तोवर तत्त्व शाबूत होतं, फक्त ते कुणाला ईमेलने कळवता येत नव्हतं.

उपाय इतका सोपा आहे की कुणी करत नाही. काही न पुसता लिनक्स पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघायचं. टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय' ही आज्ञा दिली की चिपचं कूळ कळतं. इंटेलची असेल तर बहुधा निवांत. (यादीत दिसणारा इंटेलचा विक्रेता-क्रमांक ८०८६, म्हणजे त्यांच्याच गाजलेल्या जुन्या प्रोसेसरचं नाव. घराण्याचा अभिमान असावा तर असा!) अगदीच अडलं तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून त्याचं नेट घ्या. त्याच्या पोटातही लिनक्सच आहे, पण त्याचं वायफाय दुकानातूनच चालू येतं.