आजोबा बदलून मिळतील

जुन्या फोटोवरची घडी तेवढी पुसून दे, एवढंच एआयला सांगायचं. घडी जाते. सोबत आजोबाही जातात. त्यांच्या जागी गुळगुळीत गालांचे, दात दाखवून हसणारे कुणी परके गृहस्थ येऊन बसतात. फेट्याची झालेली असते भलतीच पगडी. 'अहो, फक्त घडी काढायची होती' असं लिहिलं, की यंत्र अत्यंत नम्रपणे माफी मागतं आणि आणखी क्रेडिट कापून तिसरे आजोबा हजर करतं. माफीचे वेगळे पैसे लावत नाहीत, हेच नशीब.

यंत्राचा तसा दोष नाही. बऱ्याचदा ते फोटो दुरुस्त करतच नाही. मूळ चित्राकडे बघत बघत, ठिपक्यांच्या गदारोळातून नवंच चित्र रचतं. पैसे पडतात ते या रचण्याचे, जमण्याचे नव्हेत. संगणक राबला, वीज जळली, बिल झालं. कोपऱ्यावरचा स्टुडिओवाला पासपोर्टच्या फोटोत डोळे मिटले तर निमूट दुसरा काढून देतो. त्यानं मिटलेल्या डोळ्यांचेही पैसे मागितले असते, तर आपण दुकान डोक्यावर घेतलं असतं.

अक्षरांचंही तेच. लग्नाच्या पत्रिकेवर 'शुभविवाह' मागा, कित्येकदा 'शुभववाहि' येतं. तक्रार केली की उत्तर तयार: सूचना अधिक नेमक्या द्या. किंवा वरची मासिक योजना घ्या. तीत आजोबा चुकतात तसेच, पण जास्त रेझोल्यूशनमध्ये.