रामन ऑफिसला जायच्या आधी

बंगळुरात मल्लेश्वरमला राहणाऱ्याने भौतिकशास्त्र टाळायचं म्हटलं तरी ते अंगावर येतं. एकीकडे टाटा इन्स्टिट्यूट, दुसरीकडे रामन इन्स्टिट्यूट आणि मधे मी. बारावीनंतर भौतिकशी काडीमोड घेऊन बँकांचं सॉफ्टवेअर सांभाळणारा, आणि आता ऑफिसच्या आधी पुन्हा भौतिक शिकू पाहणारा. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीही १९०७पासून दहा वर्षं सरकारी हिशेबखात्यात काढली आणि संशोधन ऑफिसच्या आधी-नंतर केलं. मधे नागपूरलाही त्यांची बदली झाली होती, म्हणजे जवळजवळ आपलेच. हे मी घरात जरा जास्तच वेळा सांगितलं असावं.

"ते ऑफिसला जायच्या आधी प्रयोग करायचे," बायको म्हणाली. "तू पेन्सिलींना टोकं काढतोस."

पण तयारी कशी साग्रसंगीत हवी! क्वांटमसाठी आधी यामिकी, यामिकीसाठी कलन, कलनासाठी त्रिकोणमिती... असा मागे मागे जात मी पावकी-निमकीला पोचणार, अशी चिन्हं होती. अ‍ॅव्हेन्यू रोडवरून रेस्निक-हॅलिडेचं जुनं पाठ्यपुस्तक आणलं. आधीच्या मालकाने चार प्रकरणं पिवळीधम्मक रंगवली होती, पुढची पानं कोरी करकरीत. कॅलटेकने फाइनमनची भौतिकावरची व्याख्यानं इंटरनेटवर फुकट ठेवलीत. ती केव्हाही वाचता येतात, म्हणून राहून जातात. प्रस्तावना मात्र वाचली. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने आपल्याला हे फारसं जमलं नाही, असं फाइनमन त्यात स्वतःच म्हणतात. आमचं तिथेच जुळलं. आयआयटी मद्रासच्या प्रा. बालकृष्णन यांची व्याख्यानं तर ऐकताना सगळी समजतात. ते फळा पुसेपर्यंत.

शेवटी इरोडोव उघडलं. सुमारे १९०० गणितांचं रशियन पुस्तक. पहिलंच गणित: मोटरबोट प्रवाहाबरोबर जाताना एका तराफ्याला मागे टाकते, ६० मिनिटांनी उलटी फिरते आणि पहिल्या जागेपासून ६ किलोमीटरवर तोच तराफा तिला पुन्हा भेटतो. प्रवाहाचा वेग किती? मी क्ष, य आणि गरज पडली तर असावा म्हणून ज्ञ मांडून पान भरलं.

बायको अवरेकाळूच्या शेंगा सोलत होती. जानेवारीत बंगळुरात दुसरं काही करताच येत नाही.

"तराफ्यावर जाऊन बस ना," ती म्हणाली. "तिथून पाणी थांबलेलंच दिसणार. बोट तासभर लांब गेली, तर यायलाही तासच. दोन तासांत तराफा सहा किलोमीटर वाहिला. ताशी तीन."

याला गॅलिलिओची सापेक्षता म्हणतात, असं मी तिला समजावू लागलो. तिने पुस्तक स्वतःकडे ओढलं, शेंगांची परात माझ्यापुढे सरकवली आणि पेन्सिल मागितली.